झोपेची नोंद आणि जागं होण्याची नोंद : लिनक्स कर्नलच्या नोंदवहीतून एक पाठ



"फोन नुसता टेबलावर पडला होता, तरी बॅटरी उतरली कशी?" हा प्रश्न आता घरोघरी ऐकू येतो. उत्तर म्हणून आपण बहुतेक वेळा अंदाज सांगतो : बॅटरी जुनी झाली असेल, नाहीतर एखादं ॲप मागे चालू राहिलं असेल. संगणकाचं काम करणारी माणसं अंदाजावर थांबत नाहीत, ती नोंद काढून बघतात. ही नोंद कशी होते आणि तिचा अर्थ लिहून ठेवणं का गरजेचं आहे, ते आजच्या पाठात पाहू. सातवी-आठवीत घातांक शिकलेल्या मुलांना हा पाठ सहज झेपेल. संगणकाच्या तासाला घ्या किंवा गणिताच्या.

कर्नल आणि प्रोसेसरची झोप

ऑपरेटिंग सिस्टीमचा सगळ्यात आतला भाग म्हणजे कर्नल. प्रोसेसर, मेमरी, बॅटरी या सगळ्यांशी थेट व्यवहार तोच करतो. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स कर्नल लिहायला घेतला. आज अँड्रॉइड फोनमध्येही लिनक्स कर्नलच चालतो, म्हणजे हा विषय मुलांच्या हातातल्या फोनचाच आहे.

काम नसलं की कर्नल प्रोसेसरला झोपवतो. झोप हलकी असते तशी गाढही असते. गाढ झोपेत वीज कमी लागते, पण जागं व्हायला वेळ जास्त लागतो. म्हणून किती गाढ झोपवायचं, हे कर्नलला दर वेळी ठरवावं लागतं. काम असतानाही कामाचा वेग कमी-जास्त करून वीज वाचवता येते. तिसरा प्रकार म्हणजे अख्खं यंत्रच स्थगित करणं, लॅपटॉपचं झाकण मिटल्यावर बहुधा होतं तसं.

पूर्वी यात एक अडचण होती. काम असो वा नसो, कर्नलचं घड्याळ ठरावीक अंतराने टिकटिक करायचं आणि प्रोसेसरला उठवायचं. काही यंत्रांवर हे सेकंदाला १००० वेळा व्हायचं! दर मिलिसेकंदाला कुणी हलवून उठवलं तर गाढ झोप लागणार कशी? २००७ मध्ये ही रिकाम्या वेळची टिकटिक थांबवण्याची सोय लिनक्समध्ये आली. त्याच वर्षी इंटेलने पॉवरटॉप नावाचं साधन दिलं. कोणता प्रोग्रॅम प्रोसेसरला किती वेळा उठवतो, याची यादीच ते समोर ठेवायचं. अशी यादी हाती आली, की दुरुस्ती कुठे करायची ते कळतं.

नोंदवहीतल्या ओळी

२००८ पासून लिनक्स कर्नलमध्ये एफट्रेस नावाची नोंद ठेवणारी यंत्रणा आहे. कर्नलच्या कोडमध्ये ठरावीक जागी नोंदबिंदू पेरलेले असतात. एरवी ते बंद असतात. चालू केले की प्रत्येक घटनेची एक ओळ लिहिली जाते : वेळ, घटनेचं नाव आणि तपशील. विजेशी संबंधित घटनांमध्ये दोन नावं प्रमुख आहेत, 'सीपीयू आयडल' म्हणजे झोपेची नोंद आणि 'सीपीयू फ्रीक्वेन्सी' म्हणजे वेगाची नोंद. दोन्हींत 'स्टेट' नावाचा रकाना असतो.

आता इथे थांबा आणि मुलांना विचारा : दोन्ही रकान्यांचं नाव एकच आहे, मग अर्थही एकच असेल का?

नाही. झोपेच्या नोंदीत स्टेट २ म्हणजे २ क्रमांकाची झोप. वेगाच्या नोंदीत स्टेट १८००००० म्हणजे तितके किलोहर्ट्झ, अर्थात १.८ गिगाहर्ट्झ. पहिला आकडा नुसता क्रमांक आहे आणि दुसरा मोजमाप. हजेरी क्रमांकांची सरासरी काढून जसं काही हाती लागत नाही, तसंच झोपेच्या क्रमांकांच्या सरासरीलाही अर्थ नाही.

तो विचित्र आकडा

झोपेच्या नोंदीत स्टेटच्या जागी १, २, ३ असे आकडे दिसतात आणि मध्येच येतो ४२९४९६७२९५! म्हणजे ४ अब्ज २९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९५. नवख्या माणसाला वाटेल, नोंदीत काहीतरी बिघाड झाला. पण लिनक्स कर्नलसोबत विजेच्या घटनांविषयी जे माहितीपान येतं, त्यात याचा खुलासा आहे : हा आकडा म्हणजे उणे १, आणि त्याचा अर्थ 'झोपेतून बाहेर आला'.

उणे १ एवढा मोठा कसा झाला? गाडीचा किलोमीटरचा मीटर आठवा. ०००० वरून एक घर मागे फिरवला तर ९९९९ दिसेल. द्विमान पद्धतीत चारच घरं असतील तर ०००० च्या मागे ११११ येतं, म्हणजे १५. आठ घरं असतील तर २५५, सोळा असतील तर ६५५३५. आणि बत्तीस घरं असतील तर २ चा ३२ वा घात वजा १, म्हणजेच आपला ४२९४९६७२९५. हा हिशेब मुलांकडून फळ्यावर करून घ्या, कोडं सुटल्याचा आनंद त्यांनाच मिळू द्या.

वर्गात करून पाहा

ही नोंद सोपी करून तयार केली आहे. वेळ मिलिसेकंदात आहे आणि नोंद ० ते १०० पर्यंतची आहे.

० : स्टेट २
४० : स्टेट ४२९४९६७२९५
४५ : स्टेट १
५० : स्टेट ४२९४९६७२९५
६० : स्टेट ३
१०० : स्टेट ४२९४९६७२९५

वर्गाचे दोन गट करा. पहिल्या गटाला त्या आकड्याचा अर्थ सांगा. दुसऱ्या गटाला सांगा, "तो आकडा चुकीचा दिसतोय, त्या ओळी खोडून टाका." मग दोघांना एकच प्रश्न द्या : १०० मिलिसेकंदांत प्रोसेसर किती वेळ झोपला होता?

पहिला गट सांगेल : ४० अधिक ५ अधिक ४०, म्हणजे ८५. उरलेले १५ मिलिसेकंद तो जागा होता. दुसऱ्या गटाकडे तीनच ओळी उरतील. त्यांच्या मते एक झोप संपते ती दुसरी सुरू होते तेव्हाच : ० ते ४५, ४५ ते ६० आणि ६० ते १००. एकूण १००. म्हणजे प्रोसेसर एकदाही जागा झालाच नाही!

बॅटरी नेमकी त्या १५ मिलिसेकंदांत जास्त खर्च झाली, आणि तोच काळ कागदावरून पुसला गेला. दुसऱ्या गटाची बेरीज अगदी बरोबर आहे. नोंदीचा अर्थ माहीत नव्हता, म्हणून उत्तर चुकलं. हा फरक मुलांना नीट जाणवू द्या, घाई करू नका. आणि दुसऱ्या गटाला शेवटी सांगून टाका, की सूचना मुद्दामच तशी दिली होती.

लिहून ठेवणं हेही कामच

कोड लिहिला की काम संपलं, असं शिकणाऱ्या मुलांना वाटतं. पण ते माहितीपान स्पष्ट सांगतं, की अवस्थांच्या आकृत्या काढणारी आणि आकडेवारी देणारी साधनं अवस्था कधी संपली हे याच आकड्यावरून ओळखतात. एकाने लिहिलेल्या नोंदीवर दुसरा विसंबतो, त्याच्या साधनावर तिसरा. २०११ च्या सुमारास या घटनांची जुनी नावं बदलली, तेव्हाही जुन्या साधनांची अडचण होऊ नये म्हणून जुनी नावं काही काळ सोबत ठेवली होती.

आपल्या वर्गातही हेच लागू होतं. प्रयोगवहीत तक्ता असतो, पण एकक नसतं. पावसाच्या नोंदीत '०' लिहिलेला असतो, पण पाऊस पडला नाही की कुणी मोजलाच नाही, ते कळत नाही. तक्त्याखाली दोन ओळींचा खुलासा लिहायची सवय आत्ताच लावली तर पुढे कोणत्याही क्षेत्रात उपयोगी पडेल.

सरावासाठी

१. दहा घरांच्या द्विमान मीटरवर ० च्या मागे एक घर गेल्यास कोणती संख्या दिसेल?

२. नोंद सुरू झाली तेव्हा प्रोसेसर आधीच झोपलेला होता. मग त्याची पहिली ओळ कोणती दिसेल? त्या झोपेचा पूर्ण कालावधी काढता येईल का?

३. पालकांसाठी : आठवडाभर घरातल्या पंख्याच्या चालू-बंद वेळांची नोंद मुलांना ठेवायला सांगा. आठव्या दिवशी ती वही घरातल्या दुसऱ्या कुणाला वाचायला द्या. काही न विचारता त्यांना सगळं समजलं, तर नोंद उत्तम झाली!

पहिल्याचं उत्तर १०२३. दुसऱ्याचं उत्तर मात्र मुलांना आधी आपसात चर्चा करून शोधू द्या.