प्रयोगाचा आलेख : बिंदू आणि बाण

एखादा उपचार गुणकारी आहे किंवा नाही हे ठरविण्यासाठी केवळ बरे झालेले रुग्ण मोजून भागत नाही. कशाचा कशावर परिणाम होतो, हे प्रयोगापूर्वीच मांडावे लागते. त्यासाठी दिशायुक्त आलेख हे उपयुक्त साधन आहे. यात प्रत्येक घटक म्हणजे एक बिंदू आणि प्रत्येक परिणाम म्हणजे एक बाण. बाणांच्या दिशेने जाताना निघालेल्या बिंदूपाशी पुन्हा पोहोचता कामा नये, हा मुख्य नियम. अमेरिकन आनुवंशिकीतज्ज्ञ स्यूअल राइट यांनी १९२० च्या सुमारास अशी चित्रे वापरली. ज्यूडिया पर्ल यांनी १९९५ मध्ये त्यांच्या वापराचे काटेकोर नियम मांडले.

मद्रास येथे १९५६ मध्ये स्थापन झालेल्या क्षयरोग केंद्रातील प्रयोगाचे उदाहरण घेऊ. आरोग्यधामांत खाटा अपुऱ्या होत्या. तेव्हा घरी राहून आयसोनायाझिड व पी.ए.एस. ही औषधे वर्षभर घेणारा रुग्ण आरोग्यधामातील रुग्णाइतकाच बरा होईल काय, असा प्रश्न होता.

हा प्रयोग आज आलेखात मांडल्यास चार बिंदू मिळतात : आजाराची तीव्रता, उपचाराचे स्थळ, आहार व विश्रांती आणि रोगमुक्ती. एरवी अधिक आजारी रुग्णांनाच आरोग्यधामात धाडले जाण्याचा संभव असतो. म्हणजे तीव्रतेपासून एक बाण स्थळाकडे व दुसरा रोगमुक्तीकडे जातो. या आडवाटेमुळे आरोग्यधामातील रुग्ण कमी प्रमाणात बरे झालेले दिसतील. पण तो दोष आरोग्यधामाचा नसेल.

मद्रासच्या केंद्राने १९३ रुग्णांची दोन गटांत यादृच्छिक वाटणी केली. त्यामुळे स्थळाकडे येणारा बाण पुसला गेला. आहाराचा बिंदू मात्र निराळा आहे. तो स्थळाकडून रोगमुक्तीकडे जाणाऱ्या वाटेवरच असतो. सारखा आहार घेणारे रुग्णच तुलनेसाठी निवडले, तर आरोग्यधामाच्या परिणामाचा एक भाग हिशेबातून निसटेल.

१९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घरच्या रुग्णांना आहार निकृष्ट आणि विश्रांती कमी मिळूनही वर्षअखेरीस दोन्ही गटांतील यश जवळजवळ सारखेच होते. घरगुती उपचारांना त्यामुळे भक्कम आधार मिळाला.

तथापि आलेख काही सिद्ध करीत नाही. तो गृहीते उघड करतो. काढलेल्या बाणापेक्षा न काढलेला बाण हे अधिक धाडसी विधान असते; म्हणून त्याचे समर्थन आधी द्यावे लागते.