असहायता आणि उमेद : सकारात्मक मानसशास्त्राचा उपयोग

जागतिक आरोग्य संघटनेच्या घटनेत, जी १९४८ साली अंमलात आली, आरोग्य म्हणजे केवळ रोगाचा वा दुर्बलतेचा अभाव नव्हे, असे स्पष्ट नमूद केलेले आहे. मनाच्या बाबतीत मात्र हा विचार बराच काळ मागे पडला. दुसऱ्या महायुद्धानंतरचे मानसशास्त्र मुख्यतः विकारांच्या निदानात व उपचारांत गुंतून राहिले. माणूस खचतो कशामुळे, याचा शोध कसून घेतला गेला. खडतर परिस्थितीतही काहींची उमेद टिकते ती कशी, हा प्रश्न त्या मानाने उपेक्षित राहिला. १९९८ साली अमेरिकन मानसशास्त्र संघटनेचे अध्यक्ष असताना मार्टिन सेलिग्मन यांनी या प्रश्नाकडे लक्ष वेधले आणि सकारात्मक मानसशास्त्र ही शाखा नावारूपास आली.

सेलिग्मन यांचे पूर्वीचे काम नेमके उलट्या टोकाचे होते. १९६७ च्या सुमारास पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्यांनी व स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. आजच्या दृष्टीने ते निष्ठुरच म्हणावे लागतील. काही कुत्र्यांना विजेचा धक्का डोक्याने फळी दाबून थांबवता येत असे. काहींना तेवढेच धक्के बसत, पण ते थांबवणे त्यांच्या हाती नसे. पुढे या सर्वांना अशा पेटीत ठेवले की, मधला बुटका आडोसा ओलांडताच सुटका व्हावी. पहिल्या गटातील कुत्री उडी मारून पलीकडे गेली. दुसऱ्या गटातील बहुतेक कुत्री धक्के सोशीत जागीच पडून राहिली. धक्के दोघांनाही सारखेच होते. फरक होता तो आपल्या करण्याने काही घडते की नाही, या अनुभवाचा. या अवस्थेला 'अर्जित असहायता' असे नाव मिळाले.

या प्रयोगांचा पुढचा भाग त्या मानाने कमी सांगितला जातो. पडून राहिलेल्या कुत्र्यांना नुसत्या हाका मारून बहुधा काही साधले नाही. तेव्हा गळ्यातील दोरी धरून त्यांना पुनःपुन्हा पलीकडे ओढून नेण्यात आले, आणि काही खेपांनंतर ती आपण होऊन जाऊ लागली. २०१६ साली मायर व सेलिग्मन यांनी मेंदूवरील नव्या संशोधनाच्या आधारे आपलाच सिद्धांत दुरुस्त केला. दीर्घकाळ त्रास सोसावा लागला की, हातपाय गाळणे ही प्राण्याची मूळचीच प्रतिक्रिया असते. परिस्थिती आपल्या आटोक्यात आहे, ही जाणीवच शिकावी लागते. स्वतःचा गाजलेला निष्कर्ष अर्धशतकानंतर उलटा मांडण्याचा हा प्रामाणिकपणा विरळाच.

ही गोष्ट शिकण्याची असेल, तर ती शिकवताही येईल. गोव्यात 'संगाथ' या संस्थेच्या पुढाकाराने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र खिन्नतेने ग्रासलेल्या ४९५ प्रौढांवर एका उपचाराची चाचणी झाली. त्याला सकारात्मक मानसशास्त्राचे नाव नाही, पण सूत्र तेच आहे. मानसोपचारतज्ज्ञ नसलेले, परंतु प्रशिक्षण घेतलेले समुपदेशक रुग्णाला सहा ते आठ वेळा भेटत. पूर्वी कोणत्या कामाने बरे वाटे, ते आठवून त्यातले जमेल तेवढे करण्याची योजना दोघे मिळून आखीत. २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी या गटातील ६४ टक्के रुग्णांची खिन्नता ओसरली. नेहमीचे, थोडे सुधारलेले उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. उत्साह आला म्हणजे काम करू, असे येथे कोणी म्हणत नाही. आधी काम, मग उत्साह, असाच हा क्रम आहे.

निरोगी माणसांसाठीही काही साधे उपाय तपासले गेले. रोज रात्री दिवसातील तीन चांगल्या गोष्टी व त्यांची कारणे लिहून काढण्याचा उपक्रम त्यांपैकी एक. २००५ च्या एका अभ्यासात त्याचा लाभ सहा महिने टिकल्याचे आढळले. अर्थात, विहीर आटलेल्या गावाला कृतज्ञतेची वही देऊन भागत नाही. ग्रामसभेत तक्रार मांडणाऱ्याला 'सकारात्मक राहा' असे सांगणे, हा तर या शास्त्राचा दुरुपयोगच होय. तक्रार घेऊन येणारा माणूस अजून असहाय झालेला नसतो.

शाळेतील अनुभव संमिश्र आहे. इंग्लंडमध्ये २००७ पासून काही भागांतील शाळांत मुलांची मानसिक लवचिकता वाढवण्याचे तास घेण्यात आले. आरंभी खिन्नतेची लक्षणे काहीशी घटली, पण दोन वर्षांनंतर तो फरक उरला नाही. एकदा तास घेतले आणि वही मिटली, अशा पद्धतीने हे साधणारे नाही. वर्गात गणित अडलेल्या मुलाला उत्तर सांगून मोकळे होणारा शिक्षक आणि एक पायरी दाखवून पुढची त्याच्याकडूनच करवून घेणारा शिक्षक, यांच्यातील अंतर या दृष्टीने फार मोठे आहे.

बिहारमधील प्रयोग त्यातल्या त्यात आशादायक ठरला. ग्रामीण भागातील ५७ शासकीय शाळांतील २,३०० हून अधिक मुलींचा त्यात समावेश होता. त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. मुली लहान गटांत बसत. आपले गुण ओळखणे, भावनांना नाव देणे, भांडण सामोपचाराने मिटवणे आणि एकमेकींच्या अडचणींवर मिळून तोड काढणे, असा पाच महिन्यांचा क्रम होता. ज्यांना हे शिक्षण मिळाले, त्या मुलींत अडचणीला तोंड देण्याची उमेद व स्वतःवरचा विश्वास इतरांहून अधिक आढळला. हे तास घेणाऱ्या स्त्रिया बाहेरून आलेल्या तज्ज्ञ नव्हत्या. त्या त्याच परिसरातील होत्या, आणि त्यांच्यासाठी किमान शिक्षणाची अट होती ती दहावीची.