तेरड्याचे तीन दिवस

‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण तुम्ही ऐकलीच असेल. न टिकणाऱ्या गोष्टीला आपण ती सहज लावून मोकळे होतो. पण तेवढ्या दिवसांत तेरड्याचे फूल काय काय उरकते, हे पाहायचे असेल तर पावसाळ्यात दारात चार रोपे लावा.

तेरडा मूळचा आपल्याच देशातला. पावसाळ्यात तो डोंगरउतारांवर आपोआप उगवतो, आणि भाद्रपदात कोकणात गौर म्हणून घरी येतो. बी जूनमध्ये, पहिला पाऊस झाल्यावर पेरा. पाणी तुंबू देऊ नका. खोड रसाळ असल्याने चटकन कुजते. रोपांत वीतभर अंतर ठेवा. सुमारे दोन महिन्यांत फुले येतील. बी मात्र साध्या, रानच्या तेरड्याचेच घ्या. बागेतल्या गेंदेदार जाती दिसायला छान, पण पाकळ्यांच्या गर्दीत आपल्याला हवे ते दिसत नाही.

नुकतेच उमललेले फूल भिंगातून पाहा. आत एक पांढरट टोपी दिसेल. एकमेकांना चिकटलेल्या पाच पुंकेसरांची ती बनलेली असते. फुलामागच्या शेपटीसारख्या नळीत मध असतो. तो प्यायला शिरणाऱ्या मधमाशीच्या पाठीला टोपीतले पराग लागतात. टोपीखाली कुक्षी झाकलेली असते. टोपी गळाली की ती उघडी पडते. म्हणजे हे फूल आधी पराग देते आणि मग घेते! स्वतःचेच पराग स्वतःला मिळण्याची शक्यता त्यामुळे फार कमी होते.

याची परीक्षा घ्या. दोन डहाळ्यांवर एकेक मोठी कळी ठेवून त्यांवर मलमलीच्या पिशव्या बांधा. फुले उमलून टोप्या गळाल्या, की एका कुक्षीवर दुसऱ्या झाडावरील ताज्या फुलाची टोपी हलकेच घासा आणि पिशवी पुन्हा बांधा. दुसऱ्या फुलाला हात लावू नका. बोंड कोठे धरते, ते वहीत नोंदवा. एका जोडीवरून निष्कर्ष काढणे बरे नव्हे. वर्गात काम वाटून घेतले तर दहावीस जोड्या सहज होतील.

पिकलेल्या बोंडाला बोट लागताच त्याची पाच शकले आत वळतात आणि बिया उडतात. म्हणून पुढील वर्षासाठी बी हवे असेल तर फुगलेल्या बोंडावर आधीच कागदी पिशवी बांधा. दोनचार बोंडे मात्र मोकळी राहू द्या. अंगणात जुने धोतर पसरून ती फोडा आणि सर्वांत दूर गेलेली बी किती सेंटिमीटरवर पडली, ते मोजा.