थायलंडला निघालेल्या पुतणीस

उरण

चि. प्रणाली,


तुम्ही दोघं थायलंडला निघालात, फार आनंद झाला. मनसोक्त फिरा. पण काही गोष्टी निघण्याआधीच सांगतो.

थायलंडचं डिजिटल अरायव्हल कार्ड फुकट भरता येतं. पैसे मागणारी साइट सरकारी नव्हे. सरकारी पत्त्याच्या शेवटी 'गो डॉट टीएच' असतं.

बँकॉकच्या राजवाड्याबाहेर एखादा नीटनेटका, गोड बोलणारा माणूस भेटेल. आज सोहळा आहे, राजवाडा बंद, असं सांगून तो अगदी स्वस्तात टुकटुकने दुसरी देवळं दाखवायला निघेल. ती टुकटुक थांबते रत्नांच्या नाहीतर शिंप्यांच्या दुकानाशी, कारण चालकाचं कमिशन तिथे असतं. थाप जुनी आहे, तरी चालते, कारण असं खरंच घडू शकतं. आपली घारापुरीची लेणी नाही का दर सोमवारी बंद असत? म्हणून रस्त्यावरून माघारी फिरू नकोस. थेट तिकीटखिडकीशी जा आणि तिथेच विचार.

पट्टाया, फुकेतच्या किनाऱ्यावर जेट स्की भाड्याने देतात. परत आलात की जुनाच ओरखडा दाखवून भरपाई मागणारे तिथे आहेत. भोवती चारजण जमतात, आणि पासपोर्ट त्यांच्या हातात असला की तुमचं काही चालत नाही. पासपोर्ट कुणाकडेही ठेवायचा नाही, स्कूटरसाठीसुद्धा नाही. बसण्याआधी मालकाच्या देखत चारी बाजूंनी व्हिडिओ काढा. खरं सांगू? जेट स्की केलीच नाहीत तर मला जास्त बरं वाटेल.

पैसे गेले तर पुन्हा मिळवाल. मला खरी काळजी बोटीची आहे. 5 जुलै 2018 ला फुकेतजवळ 'फिनिक्स' ही पर्यटकांची बोट वादळात बुडाली, 47 माणसं गेली. आणि 18 डिसेंबर 2024 आपण कसे विसरू? घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल'वर नौदलाची स्पीडबोट आदळली, तेव्हा कित्येकांच्या अंगावर लाइफ जॅकेटच नव्हतं. बेटांची सफर ठरवताना दर नंतर विचार; आधी जॅकेट सगळ्यांना मिळतं का ते बघ, आणि मिळालेलं अंगात घालून, पट्टे बांधूनच बस. समुद्र खवळला की आपल्या मोरा बंदरातली लाँच बंद ठेवतात तेव्हा आपण कुरकुरतो, पण बंद ठेवणारा शहाणा असतो. तिथला एजंट 'काही होत नाही, चला' म्हणाला तर भरलेले पैसे सोडून द्या.

सफर घ्याल ती परवाना क्रमांक लावलेल्या दुकानातून. बोटीचं नाव, सुटण्याची वेळ, रद्द झाल्यास पैसे किती परत, हे सगळं पावतीवर लिहून घ्या. त्या पावतीचा फोटो मला पाठवत जा. तिथल्या पर्यटक पोलिसांचा क्रमांक 1155 आहे. तो आजच मोबाइलमध्ये घाल, जावईबापूंच्याही.

तुझा,
काका