कपकेकसाठी चहाचे कागदी कप चालतील का?

प्रश्न : माझ्याकडे मफिन ट्रे नाही. पातळ लायनर पसरतात आणि केक वेडावाकडा होतो. जाड कागदी कप वापरू का?

उत्तर : वापरा, पण चहाचे कप ओव्हनमध्ये मुळीच ठेवू नका! त्यांना आतून बहुधा पॉलिथिनचा थर असतो. तो साधारण ११० अंश सेल्सिअसला वितळू लागतो आणि कपकेक भाजतात १७०-१८० अंशांवर. केकच्या सामानाच्या दुकानात काठ वळवलेले, खास बेकिंगचे कप मिळतात. पाकिटावरची तापमानाची मर्यादा वाचूनच घ्या. ते सपाट ट्रेवर आपले आपण उभे राहतात. मध्ये दोन बोटे अंतर ठेवा, गरम हवा खेळायला हवी. मिश्रण दोन तृतीयांशच भरा. उंच कपात मधला भाग उशिरा शिजतो. टूथपिक कोरडी निघेपर्यंत भाजा.