गवताचा हक्क आणि अंतःकरणाची साक्ष

१० जुलै १९३०. पावसाळ्याचे दिवस. पुसदजवळच्या राखीव जंगलात लोकनायक बापूजी अणे यांनी सहकाऱ्यांसह गवत कापले आणि कारावास पत्करला. वऱ्हाडात समुद्र नाही. मिठाचा कायदा येथे मोडायचा कसा, हा प्रश्न होता. त्याचे उत्तर आपल्या यवतमाळ जिल्ह्याने विळ्याने दिले. १९२७ च्या वन कायद्याने राखीव जंगलात परवानगीवाचून गुरे चारणे हाही गुन्हा ठरविला होता. ज्याच्या दारात दोनच बैल आहेत, त्याला या कलमाचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नव्हता.

अणे वणीचे. ते आपल्या धर्माचे नव्हते, ही गोष्ट खरी. परंतु दिव्य कुरआन सूरह अन्-निसाच्या १३५ व्या आयतीत श्रद्धावंतांना स्वतःच्या व आईबापांच्या विरुद्धसुद्धा न्यायाने उभे राहण्याचा आदेश देते. मग न्यायाची गोष्ट कोणाच्या मुखातून आली, एवढ्यावरून ती टाकता येईल काय?

आणि गवताविषयी तर प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण स्पष्ट आहे. पाणी, गवत आणि अग्नी या तीन वस्तूंत लोक एकमेकांचे भागीदार आहेत, असा आशय अबू दाऊदच्या हदीससंग्रहात येतो. अरबस्तानात बलाढ्य सरदार उत्तम कुरण स्वतःच्या कळपांसाठी अडवून ठेवीत व इतरांना हाकलीत. अशा राखीव कुरणास ‘हिमा’ म्हणत. प्रेषितांनी (स.) ही मिरासदारी मोडली, कुरण राखायचेच तर ते सार्वजनिक हितासाठी राखावे, असा अर्थ विद्वानांनी लावला आहे. म्हणजे जंगल राखणे हाच जुलूम, असे इस्लाम म्हणत नाही. कोणासाठी राखले, हा खरा प्रश्न.

आता कठीण भाग. कायदा अन्यायाचा वाटला की श्रद्धावंताने तो मोडावा काय? बुखारी व मुस्लिम यांतील हदीसनुसार सत्तेचे ऐकणे आवडो वा न आवडो आवश्यक आहे. मात्र अल्लाहच्या अवज्ञेचा हुकूम झाला तर ते ऐकणे नाही. आदरणीय अबू बक्र (रजि.) यांनी खलीफा होताच लोकांना हीच मर्यादा स्वतःवर घालून दिली. काटेकोर पाहिले तर चराईची फी भरणे हे पाप नव्हे. म्हणून पुसदला गवत न कापणारा गुन्हेगार ठरत नाही. परंतु जुलमी सत्ताधाऱ्यापुढे न्यायाची गोष्ट बोलणे हा श्रेष्ठ जिहाद होय, असेही प्रेषितांनीच (स.) सांगितले. पहिली गोष्ट बंधनकारक, दुसरी धैर्याची. तरुणांच्या चर्चेत या दोहोंची गल्लत फार होते.

दुसरी गल्लत याहून घातक आहे. आपला हट्ट, राग किंवा लाभ यांनाच आपण अंतःकरणाचा आवाज म्हणतो. वाबिसा (रजि.) यांना प्रेषितांनी (स.) स्वतःच्या अंतःकरणास विचारण्यास सांगितले खरे, पण कर चुकविणाऱ्याचेही अंतःकरण त्याला अनुकूलच बोलते! माझ्या मते एक कसोटी उपयोगी पडते: किंमत कोण देतो? आदरणीय यूसुफ (अ.) यांनी पापापेक्षा तुरुंग पसंत केला, त्यांच्या निर्णयाची झळ त्यांना स्वतःलाच लागली. पुसदलाही गवत रात्री चोरून कापले गेले नाही. पुढे अणे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले, तेव्हा अनेकांना ते रुचले नाही. परंतु फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींच्या उपवासाच्या वेळी त्यांनी ते पदही सोडले.

सत्तेच्या बाजूने हाच प्रश्न कसा दिसावा, ते आदरणीय उमर (रजि.) यांच्या काळात पाहावे. त्यांनी राखीव कुरणावर हुनय्य नावाचा आपला मुक्त केलेला गुलाम नेमला. त्याला ताकीद दिली की, लोकांशी नरमाईने वाग, पीडिताच्या आर्ततेची भीती बाळग. थोडे उंट, थोड्या शेळ्यामेंढ्या असणाऱ्याला आत येऊ दे. मात्र अब्दुर्रहमान बिन औफ आणि उस्मान बिन अफ्फान (रजि.) या धनवंतांच्या कळपांना आवर, त्यांची जनावरे मेली तरी त्यांच्यापाशी शेती व खजुरीच्या बागा आहेत. गरिबाची जनावरे मेली, तर तो मुलांना घेऊन माझ्या दारात उभा राहील, आणि त्या वेळी सोनेनाणे देण्यापेक्षा आज पाणी व गवत देणे मला सोपे आहे.