उरलेल्या वेळात धंदा उभा राहत नाही

मी पुस्तकांची पानं लावते. टाइपसेटिंग, मांडणी, कव्हर हे सगळं काम पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका खोलीतून चालतं. शिवाय माझा स्वतःचा एक छोटा धंदा आहे, मुलांसाठी मराठी अक्षरं गिरवण्याच्या पुस्तिकांचा. दोन्ही कामं एकाच टेबलावर आणि एकाच माणसाने करायची असली, की दुसऱ्यांचं काम आपल्या कामाला कसं गिळतं ते मी जवळून पाहिलं आहे. शिवणकाम, केटरिंग, फोटोग्राफी किंवा हिशेबाची कामं सांभाळून स्वतःचं काही उभं करू पाहणाऱ्यांना त्याचा उपयोग व्हावा, म्हणून हे लिहिते आहे.

आधी आमच्या धंद्याचं वर्ष बघा. जुलै लागला की दिवाळी अंक सुरू होतात. लेख उशिरा येतात, जाहिराती त्याहून उशिरा, आणि अंक मात्र दिवाळीआधी स्टॉलवर हवाच असतो. दिवाळी सरली की ग्रंथप्रदर्शनं आणि साहित्य संमेलन गाठायला निघालेली पुस्तकं. मग ग्रंथालयांची खरेदी 31 मार्चच्या आत उरकायची असते, म्हणून प्रकाशकांची धावपळ. एप्रिल-मेमध्ये क्लासवाल्यांच्या नोट्स आणि गाइडं. या वर्षात मोकळा महिना नाही. माझ्या पुस्तिकेचा हंगाम जूनचा, शाळा उघडतानाचा. दुकानदार माल मेमध्ये मागतो, म्हणजे छापखान्याला फाइल एप्रिलच्या सुरुवातीला हवी आणि खरं काम डिसेंबर ते मार्चमध्ये व्हायला हवं. नेमके हेच ग्राहकांच्या घाईचे महिने. ‘हे एवढं संपलं की माझं हातात घेते’ असं म्हणत राहिलं, की जून येतो आणि जातो.

एका मार्चमध्ये, ज्यांच्याकडून माझ्या मिळकतीचा मोठा हिस्सा यायचा, त्या प्रकाशनसंस्थेने स्वतःचा ऑपरेटर नेमला. काम थांबलं, मागची बिलंही अडकली. हातात अचानक वेळच वेळ आला, पण कागद घ्यायला आणि छपाईला पैसे नव्हते आणि जून तोंडावर आला होता. काम भरपूर होतं तेव्हा पैसा होता, वेळ नव्हता. वेळ आला तेव्हा पैसा गेला होता. यातून मी एकच गोष्ट पक्की धरली आहे: आपला धंदा उभा करायचा तो ग्राहकांचं काम जोरात चालू असतानाच. नंतरची सवड बहुतेकदा रिकाम्या खिशानेच येते.

यावर ‘रात्री बसायचं तासभर’ असा सल्ला हमखास मिळतो. तो का चालत नाही, ते माझ्या कामातूनच सांगते. गिरवायच्या अक्षराला टिंबांची एकच रेघ लागते. कॉम्प्युटरवरच्या फाँटमध्ये अक्षराची बाहेरची कड असते. तिलाच टिंबं दिली तर मुलाला दोन समांतर रेघा दिसतात आणि पेन्सिल कुठून कुठे न्यायची ते कळत नाही. म्हणून प्रत्येक अक्षराच्या मधोमध जाणारी रेघ हातानेच काढावी लागते, आणि सुरुवात कुठे, वळण कुठे हे बाणांनी दाखवावं लागतं. त्यातून ‘र’ घेतला तर ‘सूर्य’मधला डोक्यावरचा रफार, ‘चक्र’मधली तिरकी रेघ, ‘राष्ट्र’मधली खालची टोपी आणि ‘तऱ्हा’मधला आडवा र, अशी चार रूपं. ती एका पानात मुलाला गोंधळ न होता कशी द्यायची, याला ताजं डोकं लागतं. तेवढ्यात फोन येतो, “ताई, त्रेचाळीस पानावर शीर्षक खाली सरकलंय, तेवढं आत्ता करून द्या ना.” दुरुस्ती पाच मिनिटांची असते, पण ‘तऱ्हा’पाशी परत यायला अर्धा तास जातो. आणि दिवसभर प्रुफं पाहून थकलेल्या डोळ्यांना रात्री ती रेघ नीट जमत नाही.

म्हणून पहिली गोष्ट: दिवसातले आपले सगळ्यात चांगले तास आपल्या धंद्याला द्या. मी सकाळी अकरापर्यंत मेल उघडत नाही, फोन दुसऱ्या खोलीत असतो. ग्राहकांना हे सरळ सांगून टाकलं, “दादा, अकराला फाइल उघडते आणि बाराच्या आत पाठवते.” कुरकुर थोडी झाली, पण सगळे रुळले. ग्राहकाला बहुतेक वेळा तत्काळ उत्तर नको असतं, नक्की वेळ हवी असते. घरच्यांनाही तेवढंच स्पष्ट सांगा. बाई घरातून काम करते म्हणजे ती रिकामी आहे, असं धरून चालणारी माणसं आपल्याकडे पुष्कळ आहेत.

दुसरं: आपल्या कामालाही रजिस्टरमध्ये जॉब नंबर द्या, आणि तारीख बाहेरच्या माणसाला द्या. मनाशी ठरवलेली तारीख सहज पुढे ढकलली जाते. छापखान्यात मशीन धरून ठेवलं, कागदाचा ॲडव्हान्स दिला, की ती ढकलता येत नाही. हंगामापासून उलटं मोजत या: दुकानात कधी, बाइंडिंग कधी, फाइल कधी.

तिसरं: पहिला माल लहान ठेवा. सोळा पानांचा एक फर्मा धरला तर बत्तीस पानांची पुस्तिका दोन फर्म्यांत बसते. सगळी जोडाक्षरं एकाच पुस्तकात घ्यायचा हट्ट सोडून मी स्वरांची वेगळी पुस्तिका आधी काढली. ती विकली गेली आणि पुढच्या पुस्तिकेचा कागद तिच्याच पैशातून आला.

चौथं: घाईच्या महिन्यांत वेळ कमी करा, शून्यावर नेऊ नका. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मी आठवड्याच्या दोनच सकाळी माझ्या कामाला देते. फाइल पूर्ण बंद पडली, की नुसतं कुठवर आलो होतो हे आठवण्यातच पुढचे दिवस जातात.

पाचवं, पैशाचं. हे सकाळचे तास फुकट येत नाहीत. ते परवडायचे तर दर वाढवायला हवेत आणि बिलं वेळेवर वसूल व्हायला हवीत. वसुलीला उद्यम नोंदणी कामाला येते. ती ऑनलाइन आहे आणि तिला फी नाही. नोंदणी झालेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल लेखी करार नसेल तर 15 दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकतं करावं, असं 2006 चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा सांगतो. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीने व्याज लागतं. भांडण काढायची गरज नाही. बिलावर उद्यम क्रमांक आणि पैसे देण्याची तारीख छापा, एवढ्यानेही बराच फरक पडतो.

आणि दोन कामांची सरमिसळ करू नका. ग्राहकाने पैसे देऊन काढून घेतलेलं चित्र वेगळा करार नसेल तर 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार त्याचंच असतं. ते आपल्या पुस्तिकेत टाकू नका, मग तुम्ही ते कितीही जीव लावून काढलेलं असो.

वेळेच्या वाटणीचं एक जुनं उदाहरण बघा. उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्कर सुरुवातीच्या काळात मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये नोकरी करत होते आणि बेळगावला सायकलींचं दुकान थोरले बंधू रामूअण्णा सांभाळत होते. एकाने बाहेरचं काम करावं, दुसऱ्याने घरचा धंदा, अशी ती वाटणी होती. आपल्यापैकी बहुतेकांना रामूअण्णा नसतात. ती वाटणी आपल्याला घड्याळात करावी लागते, आणि ती पाळण्यासाठी ठामपणे उभं राहावं लागतं.

तेव्हा तुमचा पुढचा हंगाम कोणता, ते या आठवड्यात ठरवा. उलटं मोजून पहिली तारीख काढा, ती तुमच्या छापखानेवाल्याला, कापडवाल्याला किंवा किराणावाल्याला सांगा. मग तुमच्या सगळ्यात मोठ्या ग्राहकाला फोन करा आणि कोणत्या वेळी तुम्ही भेटणार नाही, तेही सांगून टाका.